मेंदूला मार लागलेल्या रुग्णाचे दाहदर्शक अहवाल कसे वाचावेत

डोक्याला गंभीर मार लागून अतिदक्षता विभागात आलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सीआरपी (दाहात रक्तात वाढणारे एक प्रथिन), पांढऱ्या पेशी, प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात अधिक वाढणारा घटक) आणि सोय असेल तेथे इंटरल्युकिन-६ (पेशी दाहाचा संदेश देण्यासाठी सोडतात तो घटक) असे दाहाचे, म्हणजे इन्फ्लमेशनचे, बरेच आकडे साचलेले असतात. राउंडच्या वेळी त्यांतला एखादा आकडा चढलेला दिसला की सहसा दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक, संसर्ग झाला असावा, अँटिबायोटिक बदलू या, दुसरी, या रुग्णाचे काही खरे दिसत नाही. हे निष्कर्ष कधीकधी बरोबरही ठरतात, पण नुसत्या आकड्यावरून ते काढता येत नाहीत. आकडा वाचण्याआधी त्याची वेळ वाचावी, मग तो चढण्याची इतर कारणे एकेक करून तपासावीत, आणि त्यानंतर जे उरेल तेवढेच रुग्णाच्या पुढच्या वाटचालीशी जोडावे. हा क्रम उलटा झाला की उपचारही चुकतात आणि नातेवाइकांनाही चुकीचे सांगितले जाते. पुढील विवेचन निवासी डॉक्टर, अतिदक्षता विभागातील परिचारिका आणि याच विषयावर प्रबंध लिहू पाहणारे पदव्युत्तर विद्यार्थी यांना समोर ठेवून केले आहे.

मेंदूत काय घडते, हे आधी डोळ्यांसमोर आणावे

मार बसताक्षणी जी इजा होते ती प्राथमिक इजा. ती आपल्या हातात नसते. पेशी फाटतात, तंतू ताणले जातात, रक्तवाहिन्या फुटतात. आपली सगळी धडपड असते ती त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होणाऱ्या दुय्यम इजेसाठी, आणि दाह हा तिचा एक मोठा भाग आहे. फुटलेल्या पेशींतून एटीपी, एचएमजीबी-१ यांसारखे एरवी पेशीच्या आत राहणारे घटक बाहेर सांडतात. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी त्यांना धोक्याची सूचना समजतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी सायटोकाइन, म्हणजे दाहाचा संदेश देणारी प्रथिने, सोडू लागतात. अॅस्ट्रोसाइट या मेंदूतील आधार देणाऱ्या पेशी त्यात सामील होतात, रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल होतो, आणि रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पहिल्या एक-दोन दिवसांतच इजा झालेल्या भागात शिरतात. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांच्या मागून येतात. सूज वाढते, कवटीतील दाब वाढतो, आणि रक्तपुरवठा कमी पडला की निरोगी राहिलेल्या पेशीही संकटात येतात.

येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवावी लागते. हाच दाह मृत पेशींचा कचरा साफ करतो आणि दुरुस्तीची सुरुवातही करतो, म्हणून दाह म्हणजे निव्वळ शत्रू असे समजून तो सरसकट दाबणे धोक्याचे ठरते. याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे क्रॅश ही चाचणी. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढ रुग्णांना मार लागल्यापासून ८ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे दाह दाबणारे स्टिरॉइड किंवा प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) दिले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण स्टिरॉइड गटात २१.१ टक्के, तर प्लासिबो गटात १७.९ टक्के होते. सहा महिन्यांनंतरही हा फरक टिकला. अनेक दशके चांगल्या हेतूने दिल्या गेलेल्या औषधाने जीव जात होते, हे कळायला इतकी मोठी चाचणी व्हावी लागली. सीआरपी चढली म्हणून स्टिरॉइड लिहिण्याचा मोह ज्याला होतो, त्याने हे आकडे आठवावेत.

मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचा अनुभवही असाच विचार करायला लावणारा आहे. जुन्या इजेच्या रुग्णांच्या एका लहान अभ्यासात या औषधाने पेट (PET) स्कॅनवर दिसणारी मायक्रोग्लियाची सक्रियता कमी झाली, पण त्याच वेळी रक्तातील न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे चेतातंतूंच्या झिजेचा दर्शक, वाढला. दाहाचा आकडा उतरला आणि नुकसानाचा आकडा चढला. त्यामुळे कोणताही दाहदर्शक खाली आणणे हे स्वतःच उपचाराचे उद्दिष्ट मानू नये.

नमुन्याची वेळ: पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी

अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ असते. मार लागल्याची वेळ नसते. ती आपणच काढावी आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी. दाखल झाल्याची वेळ ही मार लागल्याची वेळ धरली जाते, तेथूनच बहुतेक घोटाळे सुरू होतात. दुसऱ्या रुग्णालयातून दहा तासांनी पाठवलेला रुग्ण आणि अपघातानंतर तासाभरात थेट आणलेला रुग्ण यांचे 'दाखल होतानाचे' सीआरपी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, कारण सीआरपी यकृतात तयार होते, ती मुख्यतः इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून तयार होते, आणि रक्तात दिसू लागायला तिला साधारण सहा तास लागतात. अपघातानंतर दोन तासांनी घेतलेली सामान्य सीआरपी रुग्ण बरा असल्याचे सांगत नाही. यकृताचे काम अजून सुरू व्हायचे आहे, इतकेच ती सांगते.

सीआरपीची कमाल पातळी एकाच आघातानंतर साधारण ४८ तासांच्या आसपास येते. तिचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे १९ तास असते. समजा, दुसऱ्या दिवशी ती १६० मिलिग्रॅम प्रति लिटर होती आणि निर्मिती त्या क्षणी पूर्ण थांबली, तर १९ तासांनी ती ८० आणि ३८ तासांनी ४० व्हायला हवी. प्रत्यक्षात निर्मिती हळूहळू ओसरते, त्यामुळे उतारही संथ असतो, पण दिशा खालची असते. म्हणून चौथ्या दिवशी सीआरपी १२० आहे एवढे कळून उपयोग नाही. काल ती १८० होती की ७० होती, हा खरा प्रश्न आहे. उतरत आलेली १२० बहुधा पहिल्या आघाताचाच उरलेला भाग असते. उतरून पुन्हा चढलेली १२० कोणत्या तरी नव्या कारणाकडे बोट दाखवते.

शस्त्रक्रिया झाली की हे घड्याळ नव्याने सुरू होते. रक्ताची गाठ काढण्यासाठी किंवा दाब कमी करण्यासाठी कवटी उघडल्यास पुढचे दोन-तीन दिवस सीआरपी चढणारच, म्हणून शस्त्रक्रियेची वेळही त्याच पानावर लिहावी. इंटरल्युकिन-६ सीआरपीच्या बरेच आधी, काही तासांतच चढते आणि लवकर उतरते. प्रोकॅल्सिटोनिन चार ते सहा तासांत चढू लागते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे एक दिवसाचे असते. ईएसआर (रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) या कामासाठी फार संथ आहे. पहिल्या आठवड्यात ते मागवण्यात रक्त आणि वेळ दोन्ही वाया जातात.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण हमखास नडणारी बाब म्हणजे एकक. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एका ठिकाणचे १२ म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे १२०. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात येतो तेव्हा जुना अहवाल पाहून 'सीआरपी एका रात्रीत दहापट झाली' अशी नोंद होऊ शकते, आणि त्या नोंदीवरून पुढे महागडी अँटिबायोटिक सुरू होतात. आलेख काढण्यापूर्वी प्रत्येक अहवालावरील एकक वाचावे.

दर्शक कशाबद्दल बोलतो आहे, हे ओळखावे

इजेचे दर्शक आणि दाहाचे दर्शक एकाच यादीत टाकले जातात, ते वेगळे करावेत. जीएफएपी, यूसीएच-एल१, एस१००बी आणि न्यूरोफिलामेंट लाइट हे मेंदूच्या पेशींना झालेल्या नुकसानीबद्दल सांगतात. त्यांपैकी जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या जोडीच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१८ साली परवानगी दिली, पण ती सौम्य इजेत सीटी स्कॅन टाळता येईल का, हे ठरवण्यासाठी. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे भवितव्य सांगण्यासाठी ती दिलेली नाही. एस१००बी तर चरबी, स्नायू आणि हाडांच्या इजेतही वाढते. सीआरपी, इंटरल्युकिन, पांढऱ्या पेशी हे मात्र शरीराच्या प्रतिसादाबद्दल बोलतात, आणि तो प्रतिसाद मेंदूपुरता कधीच नसतो.

नमुना कोठून घेतला, यानेही अर्थ बदलतो. गंभीर इजेत मेंदूभोवतीच्या द्रवातील इंटरल्युकिन-६ ची पातळी रक्तातील पातळीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असू शकते. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतील द्रवाच्या पोकळीत, नळी असलेल्या रुग्णात तो द्रव मिळतो, बाकीच्यांत मिळत नाही. रक्तातील आकडा मांडीचे हाड मोडल्याने, फुफ्फुसाला मार लागल्याने किंवा मोठ्या रक्तस्रावानेही चढतो. एका अभ्यासातील द्रवाचे आकडे दुसऱ्या अभ्यासातील रक्ताच्या आकड्यांशी ताडून पाहणे म्हणूनच निरर्थक ठरते.

न्यूट्रोफिल-लिंफोसाइट गुणोत्तर: सोपा आकडा, पण जपून वापरण्याचा

न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे हे गुणोत्तर साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, निघते, वेगळा खर्च नाही, त्यामुळे प्रबंधांमध्ये ते फार लोकप्रिय आहे. निरोगी माणसात ते साधारण एक ते तीनच्या दरम्यान असते. मार लागल्यावर शरीरात अॅड्रेनालिन वर्गातील संप्रेरके आणि कॉर्टिसॉल यांचा पूर येतो. पहिल्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात, दुसऱ्यामुळे लिंफोसाइट रक्तातून कमी होतात. याचा अर्थ असा, की संसर्ग नसताना आणि मेंदूतील दाह फारसा नसतानाही केवळ ताणामुळे हे गुणोत्तर पहिल्या काही तासांत चढते.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. एका रुग्णाच्या पांढऱ्या पेशी १४,०००, त्यांत न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिंफोसाइट ८ टक्के, गुणोत्तर १०.५. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी ८,०००, टक्केवारी तीच, म्हणून गुणोत्तरही १०.५. आता प्रत्यक्ष संख्या काढाव्यात. पहिल्यात न्यूट्रोफिल ११,७६० आणि लिंफोसाइट १,१२०. दुसऱ्यात न्यूट्रोफिल ६,७२० आणि लिंफोसाइट अवघे ६४०. पहिल्यात न्यूट्रोफिल वाढलेले आहेत, लिंफोसाइट जेमतेम खालच्या सीमेवर आहेत. दुसऱ्यात न्यूट्रोफिल सामान्य आहेत आणि लिंफोसाइट कोसळलेले आहेत. मेंदूच्या गंभीर इजेनंतर रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेची, डोक्याकडची बाजू उचलून ठेवण्याची आणि तोंडाच्या स्वच्छतेची काळजी अधिक काटेकोरपणे घ्यावी लागेल. गुणोत्तर लिहिताना त्याच्या शेजारी या दोन प्रत्यक्ष संख्या लिहिण्याची सवय लावून घ्यावी. त्याविना गुणोत्तर अर्धीच गोष्ट सांगते. रुग्णाला इतर कोणत्याही कारणासाठी स्टिरॉइड चालू असेल तर हे गुणोत्तर वाचूच नये.

दुसरी कारणे कशी वगळावीत

चढत्या सीआरपीसमोर उभे राहिल्यावर पलंगाजवळ जाऊन रुग्ण तपासावा, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी ते सांगतो, कारण अहवाल संगणकावर पाहून निर्णय घेण्याची सवय वाढत चालली आहे. श्वासनलिकेतून निघणारा कफ घट्ट आणि पिवळा झाला आहे का, ऑक्सिजनची गरज वाढली आहे का, शीर-नळीची जागा लाल झाली आहे का, पोटरी सुजली आहे का, जखमेतून किंवा नाकातून मेंदूभोवतीचा द्रव गळतो आहे का, हे पाहावे. ताप असेल तर तो संसर्गाचाच असेल असे नाही. मेंदूच्या इजेने स्वतःही ताप येतो, आणि अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) चेतासंस्थेच्या झटक्यांत ताप, घाम, वाढलेले ठोके आणि वाढलेला रक्तदाब एकत्र दिसतात. ताप संसर्गाचा असो वा नसो, तो मेंदूला त्रासदायकच असतो, म्हणून त्यावर नियंत्रण मिळवणे आणि कारण शोधणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवावीत.

प्रोकॅल्सिटोनिन येथे काही प्रमाणात मदत करते, कारण जिवाणूंच्या संसर्गात ते अधिक चढते. मोठ्या अपघातानंतर पहिल्या दिवशी तेही थोडे वाढते, त्यामुळे त्याचाही एकच आकडा न पाहता क्रमाने दोन-तीन पाहावेत. यकृताचा जुना आजार असलेल्या रुग्णात सीआरपी अपेक्षेइतकी चढत नाही. अशा रुग्णाची कमी सीआरपी दिलासा देणारी मानू नये. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन दाहामुळे घटते, पण सलाइन भरपूर दिल्याने आणि रक्तस्रावानेही घटते. सीआरपी-अल्ब्युमिन गुणोत्तर वापरणाऱ्यांनी रुग्णाला दिलेल्या द्रवांचा हिशेब जवळ ठेवावा.

परिणामाशी संबंध जोडताना

रुग्णाचे पुढे काय होईल, याचे सर्वांत भक्कम अंदाज अजूनही साध्या गोष्टींवरच उभे आहेत: वय, ग्लासगो कोमा स्केल या शुद्धीच्या मोजपट्टीतील हालचालीचा गुण, आणि प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या बाहुल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेले इम्पॅक्ट हे भाकीत-सूत्र या तीन बाबींपासून सुरू होते, मग त्यात ऑक्सिजनची कमतरता, रक्तदाब घसरणे आणि सीटी स्कॅनवरील निष्कर्ष येतात, आणि शेवटी रक्तातील साखर व हिमोग्लोबिन. त्यामुळे कोणत्याही नव्या दाहदर्शकाला विचारायचा प्रश्न एकच आहे: या सर्व गोष्टी आधीच ठाऊक असताना तू अधिक काय सांगतोस? ज्याची इजा मोठी त्याचा दाहही मोठा, एवढेच तो सांगत असेल तर ते आपल्याला बाहुल्यांनीच सांगितलेले असते.

परिणाम मोजण्यासाठी विस्तारित ग्लासगो आउटकम स्केल वापरतात. त्यात आठ पायऱ्या असतात. पहिली मृत्यू, आठवी उत्तम पुनर्प्राप्ती. चारपर्यंतच्या पायऱ्या प्रतिकूल आणि पाचपासून पुढच्या अनुकूल अशी विभागणी सहसा करतात आणि मोजमाप सहा महिन्यांनी घेतात. रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशीची स्थिती हा परिणाम धरणारे अभ्यास वाचताना सावध असावे, कारण घरी जाताना आधाराशिवाय बसू न शकणारे काही रुग्ण सहा महिन्यांत स्वतःची कामे स्वतः करू लागतात.

शोधनिबंधात 'गुणोत्तर अमुक एका आकड्याच्या वर असल्यास प्रतिकूल परिणाम' असे वाक्य भेटले की तो सीमांक, म्हणजे धोक्याची रेषा ठरवणारा आकडा, कोठून आला हे शोधावे. ज्या रुग्णांवरून सीमांक काढला त्यांच्यावरच तो तपासला असेल, तर तो त्या रुग्णांना चपखल बसणारच. नव्या रुग्णांत त्याची धार कमी होते. संवेदनशीलता (प्रतिकूल परिणाम होणाऱ्यांना ओळखण्याचे प्रमाण) आणि विशिष्टता (बरे होणाऱ्यांना वगळण्याचे प्रमाण) दोन्ही ७० टक्के असलेल्या एखाद्या काल्पनिक दर्शकाचा हिशेब करून पाहावा. १०० रुग्णांपैकी ३० जणांचा परिणाम प्रतिकूल होणार आहे असे धरू. दर्शक त्यांतल्या २१ जणांत वाढलेला असेल. उरलेल्या ७० पैकी ४९ जणांत तो कमी, पण २१ जणांत वाढलेला असेल. म्हणजे एकूण ४२ जणांचा आकडा वाढलेला आणि त्यांतले निम्मे चांगले बरे होणारे. असा आकडा हातात घेऊन नातेवाइकांना 'आशा नाही' असे सांगणे म्हणजे नाणे उडवून सांगण्यासारखे आहे.

त्याहून गंभीर बाब म्हणजे दर्शक स्वतःच परिणाम घडवू शकतो. आकडा वाईट म्हणून उपचार आखडते घेतले, रुग्ण दगावला, आणि अभ्यासात नोंद झाली की आकडा वाईट असलेले दगावतात. अशा अभ्यासात उपचार थांबवण्याचे निर्णय कोणी, केव्हा आणि कशावरून घेतले, हे लिहिलेले नसेल तर निष्कर्षांवर भार टाकू नये. पाचव्या दिवसाच्या नमुन्यांवर आधारलेल्या अभ्यासात पहिल्या चार दिवसांत दगावलेले रुग्ण नसतातच, हेही विसरू नये.

प्रबंध करणाऱ्यांसाठी आणि नातेवाइकांशी बोलणाऱ्यांसाठी

स्वतः अभ्यास करायचा असेल तर मार लागल्यापासूनचे ठरावीक तास आधीच निश्चित करावेत आणि नमुना त्या ठरलेल्या वेळेबाहेर गेला तर तसे नोंदवावे. डोक्याव्यतिरिक्त इतर इजांची तीव्रता इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर या गुणांकनाने लिहावी. सायटोकाइनसाठी रक्त किती वेळात यंत्रात फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) वेगळे केले, किती अंशांना गोठवले, किती वेळा वितळवले, याची वही ठेवावी. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या तर काही दर्शक खोटे वाढतात. विश्लेषणात काय पाहणार, हे नमुने तपासण्याआधी लिहून ठेवावे. वीस दर्शक तपासून त्यांतला एक 'लक्षणीय' निघाला, तर तो योगायोगानेही निघू शकतो.

नातेवाइकांशी बोलताना दाहाचे आकडे पुढे करू नयेत. त्यांनी अहवाल हातात घेऊन विचारलेच, तर स्वच्छ शब्दांत सांगता येते: "हा आकडा शरीराने इजेला दिलेला प्रतिसाद दाखवतो. तो कोणत्या दिशेने जातो आहे ते आम्ही रोज पाहतो आहोत, कारण त्यातून संसर्ग लवकर पकडता येतो. रुग्ण किती बरा होईल हे या आकड्यावरून सांगता येत नाही. ते शुद्धीवर येणे, हालचाल आणि पुढचे काही आठवडे पाहून सांगावे लागेल." प्रश्न विचारणारा माणूस रात्रभर जागा असतो, त्याला खोटी आशाही नको असते आणि आकड्याच्या आड लपलेला डॉक्टरही नको असतो.

रुग्ण घरी गेल्यावर सीआरपी पुन्हापुन्हा तपासून मेंदूतील दाहाचा माग लागत नाही. पेट स्कॅनच्या अभ्यासांत मायक्रोग्लियाची सक्रियता इजेनंतर अनेक वर्षांनीही दिसली आहे, आणि त्या काळात सीआरपी बहुधा सामान्यच असते. त्या टप्प्यावर स्मरणशक्ती, झोप, थकवा, चिडचिड आणि कामावर परतण्याची क्षमता यांची नीट विचारपूस अधिक उपयोगी पडते. भेटी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी ठरवाव्यात, आणि घरी पाठवतानाच रुग्णाचा एक व जवळच्या नातेवाइकांचे दोन दूरध्वनी क्रमांक घ्यावेत, कारण भेटीला न येणाऱ्यांत पूर्ण बरे झालेले आणि फार बिघडलेले असे दोन्ही टोकांचे रुग्ण असतात, आणि ते गळाले की सहा महिन्यांचा परिणाम कोणत्या बाजूला झुकला आहे हेही सांगता येत नाही.